लॅमिंग्टन रोडची वारी

बडोद्याहून मुंबईला जाण्याची आमच्या घराण्यातील निमित्ते ठरलेली आहेत. लग्नकार्य, मुंज, डोळ्यांचे डॉक्टर आणि साहित्य संघातले एखादे नाटक. या चारांखेरीज पाचव्या कारणासाठी कोणी गाडीत बसल्याचे ऐकिवात नाही. ते पाचवे कारण २०२५ सालच्या मार्च महिन्यात आमच्या वाट्याला आले. तळहातावर मावेल एवढी, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाची, धातूची एक बंद डबी घेऊन आम्ही उभयतां सकाळच्या गाडीने निघालो. ही डबी म्हणजे आमच्या घरच्या संगणकाची हार्ड डिस्क. शेजारच्या मुलाने ती एका चंदेरी पिशवीत घालून दिली होती. सौ.ने त्या पिशवीला आपल्या जुन्या सुती साडीचा तुकडा गुंडाळला आणि ते गाठोडे पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात ठेवून वर नॅपकिन दडपला.

“अस्थी घेऊन नाशिकला निघाल्यासारखे वाटते,” असे आमच्या तोंडून निघून गेले.

“भलते बोलू नका,” सौ. म्हणाली. “दवाखान्यात नेतो आहोत असे म्हणा.”

त्या डबीत काय होते, हे सांगितल्याखेरीज पुढची हकीकत कळावयाची नाही.

आमचे आजोबा गायकवाड सरकारच्या ग्रंथालय खात्यात कारकून होते. महाराज सयाजीरावांनी आपल्या राज्यात ग्रंथालयांचे जे जाळे विणले, त्याची कथा बडोदेकर वाचकांना नव्याने सांगावयास नको. परगावच्या वाचकांसाठी मात्र दोन शब्द लिहितो. १९१० साली महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना पाचारण केले आणि बडोद्यास मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. पोलादी मांडण्या आणि काचेची जमीन असलेले त्याचे ग्रंथागार पाहावयास आजही लोक येतात. परंतु महाराजांचा खरा भर खेड्यांवर होता. गावोगावी लहान ग्रंथालये निघाली, आणि जेथे तीही निघू शकली नाहीत तेथे लाकडी पेट्यांत पुस्तके भरून पाठविण्याची सोय झाली. या पेट्यांच्या मागोमाग हिंडणाऱ्या माणसांपैकी आमचे आजोबा एक होते. १९२१ पासून १९३५ पर्यंत ते नवसारी प्रांतात फिरले, आणि या फिरतीची रोजनिशी त्यांनी चौदा वह्यांत मोडी लिपीत लिहून ठेवली.

या चौदा वह्यांच्या जोडीला आमच्या मातोश्रींच्या पाच वह्या होत्या. पाककृती, व्रतवैकल्यांचे हिशेब, जात्यावर म्हणावयाच्या ओव्या आणि कोणाला किती आहेर केला याची टिपणे, सारे एकाच वहीत एकापुढे एक. बँकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर २०१६ च्या हिवाळ्यात आम्ही एक स्कॅनर विकत आणला आणि एकोणीस वह्यांची ११४० पाने एकेक करून संगणकात उतरविली. मोडीचे बालबोधीत रूपांतर करण्याचा संकल्पही सोडला. तो साठ पानांवर येऊन थांबला. निवृत्त माणसाला वेळ पुष्कळ असतो, म्हणून त्याची कामे पुरी होत नाहीत.

पुढे २०२४ ची गोकुळाष्टमी आली. दहीहंडीचा दिवस उजाडला तो विश्वामित्रीच्या पुराची बातमी घेऊन. नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली आणि कारेलीबागेतील आमच्या घरात छातीपर्यंत पाणी आले. विश्वामित्रीच्या पाण्याबरोबर तिच्या मगरीही शहरात येतात, हे बडोदेकरांना ठाऊक आहे. त्यामुळे वरच्या मजल्यावरून खाली उतरण्याचे धाडस कोणी केले नाही. तीन दिवसांनी पाणी ओसरले तेव्हा पलंगाखालच्या ट्रंकेतील वह्यांचा लगदा झाला होता. बोरूची शाई पाण्यात विरघळून पानापानांतून वाहून गेली होती. सौ. त्या लगद्याकडे पाहत पायरीवर बसून राहिली. आम्ही तिला म्हणालो, “वह्या गेल्या, अक्षर गेले नाही. सारे संगणकात आहे.” संगणक वरच्या मजल्यावर होता. त्या दिवसांत या एका वाक्याने आम्हांला मोठा धीर दिला.

धीर टिकला सहा महिने. एका सकाळी संगणक सुरू केला तेव्हा पेटीतून टक्, टक् असा आवाज येऊ लागला. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचा यावा तसाच, पण किंचित घाईचा. पडद्यावर नेहमीचे चित्र उमटलेच नाही. शेजारचा मुलगा आला, कान देऊन ऐकले आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, “काका, बेकअप तो हशे ने?”

बॅकअप होता. वह्यांच्या पानांची दुसरी प्रत आम्ही मोठ्या दक्षतेने करून ठेवली होती आणि तिला ‘सुरक्षित’ असे नावही दिले होते. ती त्याच डिस्कवर होती. एकाच तिजोरीच्या दोन कप्प्यांत दोन किल्ल्या ठेवून तिजोरी हरवावी, तसला हा प्रकार. पुण्याच्या मुलीने कितीदा तरी सुचविले होते, की बाबा, एक प्रत इंटरनेटवरच्या साठवणीत चढवून ठेवा. घरची कागदपत्रे परक्याच्या कोठारात कशाला, असे म्हणून आम्ही तो विषय टाळला होता.

त्यानंतरच्या आठवड्यात सल्ल्यांचा पाऊस पडला. एका आप्तांनी डिस्क रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवण्यास सांगितले. दुसऱ्यांनी ती हलकेच टेबलावर आपटून पाहावी असे सुचविले. आम्ही ती शहरातल्या एका दुकानात नेली. तेथील गृहस्थांनी तारा बदलल्या, दुसऱ्या संगणकाला जोडली आणि ‘चालू राहू द्या, कधीतरी उचलेल’ म्हणून ती रात्रभर टक्‌टकत ठेवली. सकाळी आवाज अधिक कर्कश झाला होता. तेव्हा शेजारच्या मुलाने ती उचलून आणली, चंदेरी पिशवीत घातली आणि सांगितले, “काका, हवे एने अडशो नहि. मुंबई लई जाओ.”

*

बडोदे ते मुंबई हे ३९२ किलोमीटरांचे अंतर आम्ही शेकडो वेळा तोडले असेल, परंतु खिडकीबाहेर असे लक्ष देऊन पूर्वी कधी पाहिले नव्हते. लोहमार्गाच्या काठाकाठाने नव्या वेगवान गाडीचे उंच खांब उभे राहत होते. शेतांच्या बांधांवर पळस फुलला होता. भरूचजवळ नर्मदा आली. पलीकडे १८८१ साली पुरा झालेला जुना गोल्डन ब्रिज आपल्या लोखंडी कमानींसह उभा होता. सौ.ने सवयीने पर्समधून नाणे काढले, परंतु वातानुकूलित डब्याची काच उघडत नाही. नाणे तिने मुठीतच धरले आणि नदी संपेपर्यंत हात जोडून राहिली. तिने काय मागितले ते आम्ही विचारले नाही. डबा तिच्या मांडीवर होता.

तापी मागे पडली, सुरत मागे पडली आणि आजोबांचा मुलूख सुरू झाला. बडोदे राज्याचे चार प्रांत एकमेकांपासून तुटक होते. त्यांतला नवसारी प्रांत हा. पाट्यांवरची नावे आम्ही वाचू लागलो, ती आजोबांच्या अक्षरात डोळ्यांपुढे येत होती. नवसारी. बिलिमोरा. येथून वघईकडे जाणारा अरुंद रुळांचा फाटा गायकवाड सरकारनेच घातलेला, आणि आजोबा त्या गाडीत पुस्तकांच्या पेट्यांवर बसून प्रवास करीत. पूर्वेस डोंगराच्या अंगाला व्यारा आणि सोनगड. बडोद्यास येण्यापूर्वी गायकवाडांचे ठाणे या सोनगडास होते.

आम्ही बालबोधीत उतरविलेल्या साठ पानांतला एक प्रसंग आमच्या घरात सर्वांना पाठ आहे. एका गावाहून परत आलेल्या पेटीत एक पुस्तक कमी भरले. आजोबा चौकशीस गेले. गावच्या मास्तरांनी सांगितले, की ते पुस्तक एका बाळंतिणीच्या उशाशी आहे. तिला वाचता येत नाही, पण तिची धाकटी नणंद रोज रात्री दोन पाने वाचून दाखविते. बाई उठती झाली की पुस्तक मिळेल. खात्याच्या नियमाप्रमाणे आजोबांनी हरवल्याची नोंद करावयास हवी होती. त्यांनी शेरा लिहिला, ‘पुस्तक हरवले नाही, कामात आहे.’

अशी आणखी किती पाने त्या डबीत असतील, याचा हिशेब करीत आम्ही चाललो होतो. जी पाने आम्ही वाचलीच नाहीत, त्यांत काय होते हे सांगणारा आता कोणीही उरला नव्हता. पुरात वह्या गेल्या तेव्हा वाईट वाटले होते. आता मात्र लाज वाटत होती. आठ वर्षे ती अक्षरे आमच्या हाताशी होती आणि आम्ही ती वाचली नव्हती.

डहाणूला चिकूच्या करंड्या दिसल्या. वसईची खाडी ओलांडली. दुपारी मुंबई सेंट्रल आले.

*

ज्याला सारी मुंबई लॅमिंग्टन रोड म्हणते, त्याचे नाव पालिकेच्या पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या कारकिर्दीतले फारसे कोणाला काही आठवत नाही, पण त्यांचे नाव मात्र तारा, बॅटऱ्या आणि संगणकांच्या रूपाने टिकून आहे. या रस्त्याची आमच्या पिढीच्या मनातली ओळख निराळी. येथे चित्रपटगृहे होती. मिनर्व्हामध्ये १९७५ साली ‘शोले’ लागला आणि पाच वर्षांहून अधिक काळ चालला. आमच्या विद्यार्थिदशेत आम्ही तो पाहावयास येथे आलो होतो, आणि परतताना फुटपाथवरून ट्रान्झिस्टरसाठी एक स्पीकर विकत घेतला होता. मिनर्व्हा आता नाही. फुटपाथ आहे.

आणि फुटपाथ म्हणजे काय! हात पसरला तर दोन्हीकडची दुकाने हाताला लागतील अशा बोळांतून वेटोळी घातलेल्या तारा टांगलेल्या. दूरदर्शन संचांचे रिमोट भाजीसारखे ढिगाने मांडलेले. कोठे डाग देण्याच्या कथलाचा वास, कोठे वडापावाचा. हातगाडीवाला पहारेकरी कॅमेऱ्यांची खोकी घेऊन ओरडत चाललेला, आणि त्याला वाट देत एक शाळकरी मुलगा दोन रुपयांचा कसलासा इवला सुटा भाग मुठीत घेऊन पळत सुटलेला. ज्या वस्तूचे नाव गिऱ्हाइकाला ठाऊक नाही ती वस्तू हा बाजार खाणाखुणांवरून ओळखतो. आमच्या डब्याकडे बोट दाखवून एका दुकानदाराने न विचारताच सांगितले, “डेटा रिकव्हरी? वर, तिसरा मजला.”

तिसऱ्या मजल्यावरील गृहस्थ पन्नाशीचे, मूळचे राजापूरकडचे. पूर्वी दूरदर्शन संच दुरुस्त करीत, पुढे संगणकांकडे वळले. त्यांनी डबा उघडला, साडीचा तुकडा सोडविला आणि सौ.कडे पाहून म्हणाले, “वहिनी, बाळाला आणावे तसे आणलेत.” मग आमच्याकडे वळले.

“आवाज यायला लागल्यावर किती वेळा चालू केलीत?”

आम्ही खरे ते सांगितले. रात्रभराची गोष्टही सांगितली. त्यांनी मान हलविली, जशी नाडी पाहून वैद्य हलवितो.

“घरात उघडली नाहीत ना?”

“नाही.”

“आपटली? फ्रीजमध्ये ठेवली?”

“सल्ला होता, धजलो नाही.”

“हे बरे केलेत.”

त्यांनी एक जुनी, निकामी डिस्क आमच्यापुढे उघडून ठेवली, आणि आयुष्यात प्रथमच आम्ही त्या डबीचे पोट पाहिले. आत आरशासारख्या झळझळीत तबकड्या आणि त्यांच्यावर ग्रामोफोनच्या सुईसारखा एक नाजूक बाहू. बाहूच्या टोकाला वाचणारे आणि लिहिणारे ‘हेड’. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते. हे हेड मात्र टेकत नाही. तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, तिच्या कडेचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरांच्या पुढे जातो, आणि या वेगाने उठणाऱ्या हवेच्या थरावर हेड तरंगते. मधले अंतर केसाच्या जाडीहून हजारो पटींनी कमी. धुराचा एक कणसुद्धा त्या फटीत मावत नाही. म्हणूनच घरात डबी उघडणे म्हणजे तबकड्यांवर वाळू ओतणे. ज्या गाडीने आम्ही आलो तिच्या ऐन वेगाने धावणारे हे चाक आमच्या लिहिण्याच्या टेबलाखाली रोज फिरत होते आणि आम्हांला त्याची दखलही नव्हती!

टक्‌टकीचा अर्थही तेथेच उमगला. तबकडीवर जागा दाखविणाऱ्या खुणा कोरलेल्या असतात. हेड आजारी पडले की त्याला त्या खुणा सापडत नाहीत. ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शोधीत जाते, अडसरावर आपटते, परत येते आणि पुन्हा शोधू लागते. आम्ही जो आवाज ऐकत होतो तो या शोधाचा होता. वाट न सापडलेल्या माणसाने पुन्हा पुन्हा त्याच दारावर थाप मारावी तसा. आणि असे आजारी हेड जितक्या वेळा तबकडीवरून फिरवावे तितका तबकडीवर ओरखडा उठण्याचा धोका. आमच्या त्या एका रात्रीची किंमत काय होती, ते आता आमच्या ध्यानात आले.

“सर्किटचा पत्रा बदलून नाही का भागत?” आम्ही ऐकीव ज्ञान पाजळले.

“नुसता बदलून नाही,” ते म्हणाले. “या डिस्कच्या हेडांची मापे त्याच्यावरच्या एका चिपेत लिहिलेली असतात. प्रत्येक डिस्कची वेगळी. दुसऱ्याचा चष्मा घातला म्हणून वाचता येत नाही.”

इलाज असा होता. याच कंपनीची, याच प्रकारची, शक्य तर जवळजवळ याच तारखेची दुसरी डिस्क शोधावयाची. गाळलेल्या हवेच्या बंद कपाटात दोन्ही उघडून तिचे हेड यात बसवावयाचे. आणि ते जितके तास टिकेल तितक्या तासांत तबकड्यांवरचे जे वाचता येईल त्याची प्रत दुसरीकडे उतरवून घ्यावयाची. वाईट भाग आधी सोडून द्यावयाचा, चांगला प्रथम उचलावयाचा. खर्च बावीस हजार. नव्या डिस्कला पाच हजारही पडत नव्हते. आम्ही सौ.कडे पाहिले. ती म्हणाली, “लग्नात शालूला लागतात. सांगा त्यांना.”

*

जुळती डिस्क शोधावयास पोऱ्या बाजारात धावला आणि आम्ही गिरगावात आतेभावाच्या घरी मुक्कामास गेलो. चार दिवस वाट पाहण्यात गेले. संध्याकाळी चौपाटीवर जाऊन बसावे, सकाळी ऑपेरा हाउसवरून फेरी मारावी. १९५६ साली आय. बी. एम. ने पहिला डिस्क-साठवणीचा संगणक आणला, तेव्हा दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्यांत मिळून पन्नास लाख अक्षरे मावत आणि त्या यंत्राचे वजन टनाच्या वर होते, हे आतेभावाच्या नातवाने आम्हांला सांगितले. आमच्या डबीत त्याच्या लक्षावधी पटींनी मजकूर मावत होता. आजोबांच्या पेट्या बैलगाडीत चढवावयास दोन माणसे लागत. पण गाडी उलटली तर फार तर एक पेटी भिजे. बाकीच्या इतर गावी सुखरूप असत.

चौपाटीवर बसले असता आणखी एक गोष्ट मनात आली. लॅमिंग्टन रोडचे आजचे नाव धारण करणाऱ्या पोलीस ठाण्यातले तुकाराम ओंबळे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री येथेच, हातात केवळ लाठी घेऊन, बंदुकीला सामोरे गेले होते. या वाटेने रोज हजारो माणसे सुट्या भागांच्या शोधात जातात. काही गोष्टींना जुळता सुटा भाग कोठल्याही बाजारात मिळत नाही.

पाचव्या दिवशी फोन आला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर पोहोचलो तेव्हा त्या गृहस्थांनी काही न बोलता पडदा आमच्याकडे वळविला. पडद्यावर मातोश्रींच्या वहीतले डिंकाच्या लाडवांचे पान होते. वरच्या कोपऱ्यात तुपाचा डाग, आणि खाली तिरप्या अक्षरांत, ‘धाकट्या सुनेला गूळ कमी लागतो’. धाकटी सून आमच्या शेजारी उभी होती. तिने पदर डोळ्यांना लावला, आणि त्या गृहस्थांनी पंखा वाढविण्याचे निमित्त करून पाठ फिरविली.

सारेच परत आले असे मात्र नाही. ११४० पानांपैकी ८७४ पाने धड मिळाली. ९१ पाने अर्धी होती. वर अक्षरे, आणि मध्येच एक आडवी रेघ येऊन खाली सपाट करडा रंग. पुराच्या पाण्याची खूण भिंतीवर राहते तसे ते दिसत होते. उरलेली १७५ पाने उघडलीच नाहीत. “त्या भागावर ओरखडे आहेत,” ते म्हणाले. “पहिल्याच दिवशी बंद करून आणली असती तर...” त्यांनी वाक्य पुरे केले नाही, आणि आम्हीही पुरे करण्यास सांगितले नाही. यादी पाहिली. १९३४ ची सोनगडची वही संपूर्ण गेली होती.

*

बडोद्यास परतल्यावर इंदूरच्या आत्याला खुशाली कळविण्यासाठी फोन केला. आत्या नव्वद वर्षांची. आजोबांच्या पिढीशी आम्हांला जोडणारा तो शेवटचा धागा. सोनगडची वही गेल्याचे सांगितले तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “अरे, असे कसे? ती पाने तूच मला पाठवली होतीस की!”

आणि आम्हांला आठवले. आत्याच्या जन्माची तार आजोबांना सोनगडच्या दौऱ्यावर मिळाली होती. ती नोंद पाहण्याची तिची फार इच्छा, म्हणून २०१८ साली त्या वहीतली ३८ पाने छापून आम्ही टपालाने इंदूरला धाडली होती. धाडून विसरलो होतो. आत्याने ती देवघराच्या खणात ज्ञानेश्वरीखाली जपून ठेवली होती. “मोडी वाचता येत नाही आता,” ती म्हणाली, “पण बाबांचे अक्षर आहे, म्हणून रोज उदबत्ती दाखवते.” आमच्या साऱ्या शहाणपणाने जे राखले नाही, ते एका मुलीच्या हौसेने राखले. गेलेल्या १७५ पानांतून ३८ वजा झाली. १३७ उरली.

आमच्या शहरात हे न समजण्याचे खरे तर कारण नव्हते. येथल्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत प्रसिद्ध केली. शारदेपासून मलयाळमपर्यंत निरनिराळ्या लिप्यांतील पोथ्या जमवून, ताडून पाहून ती सिद्ध झाली. कोठली वाळवीने खाल्ली, कोठली भिजली, कोठे लेखनिकाची डुलकी लागली. तरीही ग्रंथ उरला, कारण तो काश्मिरात होता आणि केरळातही होता. प्रत सुंदर असणे वेगळे आणि दुसऱ्या गावी असणे वेगळे. सयाजीमहाराजांनी पेट्या गावोगाव धाडल्या त्यामागे वाचनप्रसार होता हे खरेच. पण वाटलेली वस्तू टिकते, हाही धडा त्यात होता.

आता आमच्या घरची व्यवस्था अशी आहे. पानांच्या तीन प्रती. एक आमच्या वरच्या मजल्यावर, एक पुण्यास मुलीकडे निराळ्या डिस्कवर, आणि एक, आमचा जुना हट्ट सोडून, इंटरनेटवरच्या साठवणीत. शिवाय चांगल्या कागदावर छापून एक संच इंदूरला, आत्याच्या देवघरात. नुसत्या प्रती करून भागत नाही, त्या उघडतात की नाही हे पाहावे लागते, असे लॅमिंग्टन रोडच्या त्या गृहस्थांनी निघताना बजावले होते. त्यासाठी आम्ही खंडेनवमीचा दिवस मुक्रर केला आहे. त्या दिवशी घरातली विळी, पाना, कात्री पूजेला मांडतातच. २०२५ च्या खंडेनवमीला त्यांच्या शेजारी डिस्कही मांडली, हळदकुंकू जपून बाजूच्या पाटावरच वाहिले, आणि मग ती संगणकाला जोडून दहा पाने उघडून पाहिली. पुण्यासही त्याच वेळी दहा पाने उघडली गेली.

आणि रात्री जेवणानंतर दोन पाने मोडीतून बालबोधीत उतरवितो. आम्ही वाचतो, सौ. लिहून घेते. परवा गणदेवीच्या पेट्यांचा हिशेब पुरा झाला. सौ.ने वहीत सर्व पानांची यादी केली आहे आणि प्रत्येक पानापुढे एक शेरा. जी उतरवून झाली त्यांपुढे ‘झाले’. जी व्हावयाची आहेत त्यांपुढे तिने आजोबांचेच शब्द लिहिले आहेत, ‘कामात आहे’. उरलेल्या १३७ पानांपुढे काय लिहावे, असे तिने विचारले. आजोबांसारखा एखादा दिलासा देणारा शेरा सुचेल म्हणून आम्ही बराच वेळ विचार केला. पण त्यांचे पुस्तक बाळंतिणीच्या उशाशी होते, आणि आमची पाने कोठेच नाहीत.

“हरवले, असे लिही,” आम्ही म्हणालो.

तिने तसे लिहिले, आणि पुढचे पान काढले.